गिळलेली वस्तू आणि वाट पाहण्याची मुदत

प्रश्न नेमका कोणता

मोजा, चेंडूचा तुकडा, आंब्याची कोय, सुई-दोरा, केसांचा रबर, रिमोटमधला सेल, खेळण्यातल्या गाडीचं चाक. कुत्र्याच्या पोटात जाऊ शकणाऱ्या वस्तूंची यादी घरातल्या सामानाइतकीच लांब आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या एका पशुरुग्णालयात एका ग्रेट डेनच्या जठरातून ४३ अख्खे मोजे आणि वर एक अर्धा मोजा निघाला. ही बातमी जगभर नवलाची म्हणून वाचली गेली. पण तिच्यातून वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची एक गोष्टही कळते. जठरात गेलेली वस्तू पुढे सरकतेच असं नाही आणि ती आत आहे हे कुत्र्याकडे पाहून लगेच ओळखू येतंच असंही नाही. दात येण्याच्या वयातली पिल्लं आणि लॅब्रॅडॉरसारख्या खादाड जाती यांत पुढे असतात, पण कोणत्याही वयाचं, कोणत्याही जातीचं कुत्रं असं करू शकतं. उकिरड्यावर पोट भरणारी भटकी कुत्री तर खरकट्याबरोबर प्लास्टिकची पिशवीही गिळतात. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी असली तरी कचऱ्यातलं प्लास्टिक संपलेलं नाही.

अशा वेळी पालकांसमोर आणि पशुवैद्यांसमोर चार वाटा असतात: वस्तू आपोआप शीवाटे पडेल म्हणून थांबणं, उलटी करवणं, दुर्बिणीनं ती बाहेर काढणं किंवा पोट उघडून शस्त्रक्रिया करणं. यातली कोणती वाट कधी धरावी, याबद्दल अनेक वर्षं मतभेद आहेत. घरगुती सल्ले एक सांगतात, दवाखान्यात दुसरंच ऐकायला मिळतं आणि पशुवैद्यांमध्येही सगळ्या बाबतींत एकमत नाही. या चारही वाटांचा आधार काय, कोणती बाजू कुठे बळकट आहे आणि कुठे कमी पडते, हे क्रमानं तपासायचा हा प्रयत्न आहे. सगळे पुरावे एकत्र ठेवल्यावर माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. वाट पाहणं हासुद्धा एक उपचारच आहे. म्हणून तोही इतर उपचारांसारखा तपासणी करून, पशुवैद्यानं ठरवून आणि मुदत घालून दिला पाहिजे. घरी आपल्याच अंदाजानं पाहिलेली वाट हा उपचार नव्हे. त्यात फक्त वेळ जातो.

वस्तू पोटात गेल्यावर काय होतं

कुत्र्याच्या पचनमार्गात अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. अन्ननलिकेत अशा जागा प्रामुख्यानं तीन आहेत: मानेतून छातीत शिरतानाची, हृदयाच्या बुडाशी असलेली आणि पोटाच्या पडद्यातून जठरात उतरण्याआधीची. हाडाचा तुकडा किंवा माशाचा गळ बहुधा यांतल्याच एका जागी रुतून बसतो. अन्ननलिकेतली वस्तू सर्वांत तातडीची समजली जाते, कारण तिथे सतत दाब राहिला तर काही तासांतच भिंतीला इजा होते, छिद्र पडू शकतं आणि जखम भरताना नलिका आक्रसून कायमची अरुंद होऊ शकते. अन्ननलिका ओलांडली की वस्तू जठरात येते. जठर प्रशस्त असल्यामुळे ती तिथे काही तास, काही दिवस, कधी आठवडेही पडून राहू शकते. अधूनमधून ती जठराच्या तोंडाशी येऊन वाट अडवते, कुत्रं उलटी करतं, वस्तू मागे सरकते आणि कुत्रं पुन्हा खेळायला लागतं. ‘आता बरं आहे’ असा पालकांचा समज होतो तो याच टप्प्यावर.

जठरातून निसटलेली वस्तू लहान आतड्यात जाते. लहान, गुळगुळीत वस्तू बहुधा एक ते तीन दिवसांत शीवाटे बाहेर पडते. मोठी वस्तू मध्येच अडकते. मग तिच्या मागे पाणी आणि वायू साठतात, आतडं फुगतं, भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि शेवटी तो भाग मरून फाटतो. त्यातून पोटभर जंतुसंसर्ग पसरला की प्रकरण जिवावर बेततं. सततच्या उलट्यांमुळे शरीरातलं पाणी, क्लोराइड आणि पोटॅशियम घटतं. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी सलाइन देऊन हा तोल सावरावा लागतो. दोरा, नाडी, साडीच्या काठाची पट्टी, मांजा यांसारख्या लांब वस्तूंचा धोका आणखी निराळा आहे. त्यांचं एक टोक जठराच्या तोंडाशी किंवा जिभेखाली अडकतं आणि उरलेला भाग पुढे ओढला जातो. नाडी ओढल्यावर परकराला पडाव्यात तशा आतड्याला चुण्या पडतात आणि ताणलेला दोरा आतल्या बाजूनं आतडं कापत जातो. म्हणून तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक दिसलं तरी ते ओढायचं नाही, यावर सगळ्या बाजूंचं एकमत आहे.

उपाय कसे बदलत गेले

आपल्याकडच्या पशुवैद्यकाला पोटातल्या परक्या वस्तूंची ओळख कुत्र्यांच्या आधी गुराढोरांमुळे झाली. चाऱ्याबरोबर खिळे आणि तारा गिळणारी गाय, तिच्या जठरातून हृदयाच्या दिशेनं घुसणारी तार, पोटात साठलेल्या प्लास्टिकच्या गोळ्यामुळे दुभतं जनावर आटणं, या गोष्टी शेतकऱ्याला आणि पशुवैद्याला पूर्वीपासून ठाऊक आहेत. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे आणि तिथल्या शिक्षणात पशुधनाला मोठं स्थान राहिलं आहे. शहरांतल्या घरांत कुत्री वाढली तशी लहान प्राण्यांच्या शस्त्रक्रियेची गरजही गेल्या काही दशकांत वाढली. रवंथ करणारी गाय आणि सहज उलटी करणारं कुत्रं यांच्या पोटाची रचना मुळातच वेगळी असल्यामुळे गुरांबाबतचा अनुभव कुत्र्याला जसाच्या तसा लावता येत नाही. कुत्र्यांबाबतचं बरंचसं ज्ञान त्यामुळे अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातल्या रुग्णालयांच्या नोंदींमधून आलं आहे.

या ज्ञानात दोन मोठी वळणं आली. पहिलं वळण साधनांचं होतं. १९५७ मध्ये बेझिल हिर्शोविट्झ यांनी माणसासाठी लवचीक दुर्बीण पुढे आणली आणि पुढच्या काही दशकांत ती प्राण्यांच्या रुग्णालयांतही आली. पोट न उघडता जठरातली वस्तू काढणं तेव्हापासून शक्य झालं. दुसरं वळण उलटी करवण्याच्या उपायांचं होतं. माणसांच्या वैद्यकात घरी उलटी करवण्याची पद्धत जवळजवळ मोडीत निघाली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००३ मध्ये सांगितलं की इपिकॅक हे उलटीचं औषध घरात ठेवूच नये. पशुवैद्यकानं मात्र उलटी सोडली नाही, फक्त तिची साधनं बदलली. मीठ, मोहरी आणि धुण्याचा सोडा मागे पडले आणि अ‍ॅपोमॉर्फिनसारखी औषधं दवाखान्यात रुळली. २०१८ मध्ये युरोपात आणि २०२० मध्ये अमेरिकेत खास कुत्र्यांसाठी रोपिनिरोलच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांना मान्यता मिळाली. माणसांसाठी सोडलेला उपाय कुत्र्यांसाठी का टिकला, याला कारण आहे. कुत्रं माणसापेक्षा सहज उलटी करतं आणि त्याला भूल न देता जठर रिकामं करण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही.

पहिली भूमिका: वाट पाहावी

या बाजूचं म्हणणं साधं आहे आणि त्यात तथ्य आहे. कुत्र्यानं गिळलेल्या अनेक लहान वस्तू आपोआप बाहेर पडतात. प्रत्येक गोटीसाठी आणि कागदाच्या बोळ्यासाठी कुत्र्याला एक्स-रे आणि भूल देत बसलं तर फायद्यापेक्षा त्रासच जास्त होईल. टोकदार वस्तूसुद्धा कधीकधी सुखरूप पुढे जातात. कुत्र्या-मांजरांनी शिवणाची सुई गिळल्याच्या ६५ प्रकरणांचा अभ्यास २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि वेळेवर दाखवलेल्या जनावरांचं भवितव्य त्यात एकंदरीत उत्तम दिसलं. त्यामुळे जनावराची प्रकृती ठीक असेल, वस्तू लहान असेल आणि ती पुढे सरकते आहे हे एक्स-रेवर दिसत असेल, तर थांबणं शास्त्राला धरूनच आहे.

या भूमिकेची अडचण ती कोण पाळतो आणि कशी पाळतो यात आहे. दवाखान्यात थांबणं म्हणजे ठरावीक तासांनी पुन्हा एक्स-रे किंवा सोनोग्राफी, पोट दाबून पाहणं, वजन आणि पाण्याचं प्रमाण तपासणं आणि वस्तू जागची हलली नाही तर पुढचं पाऊल कधी उचलायचं हे आधीच ठरवणं. घरी थांबणं म्हणजे बहुतेक वेळा उद्या बघू. वाट पाहण्याच्या बाजूनं जो पुरावा आहे तो पहिल्या प्रकारच्या थांबण्याचा आहे, पण त्याचा दाखला दुसऱ्या प्रकारच्या थांबण्याला दिला जातो. याच काळात घरोघरी जे केलं जातं त्यानं गुंता वाढतो. वस्तू ‘गुंडाळून’ बाहेर यावी म्हणून केळी, भात किंवा भाकरी भरपूर खाऊ घालतात. एरंडेल पाजतात. उलट्या थांबाव्यात म्हणून माणसाची ओंडान्सेट्रॉनची गोळी देतात. पोट भरलेलं असेल तर भूल देणं जास्त जोखमीचं होतं आणि दुर्बिणीतून वस्तू दिसत नाही. अडथळा असताना जुलाबाचं औषध आतड्यावर ताण आणतं. उलट्या थांबवणारं औषध तर वस्तू अडकल्याची सर्वांत स्पष्ट खूणच झाकून टाकतं. पचायला जड, तंतुमय आहार देऊन टोकदार वस्तू झाकली जाते, या समजुतीला काही तज्ज्ञांचा मर्यादित पाठिंबा आहे, पण तोही निवडक प्रकरणांत आणि देखरेखीखाली.

दुसरी भूमिका: लवकर उलटी करवावी

उलटी करवण्याच्या बाजूनं सर्वांत मोठा मुद्दा वेळेचा आहे. वस्तू जठरात आहे तोवरच ती तोंडावाटे परत येऊ शकते. मोजा, कापडाची चिंधी, मऊ रबराचा तुकडा अशा वस्तूंच्या बाबतीत दवाखान्यात औषध देऊन केलेली उलटी अनेकदा यशस्वी होते आणि भूल आणि शस्त्रक्रिया दोन्ही टळतात. खर्च कमी येतो आणि कुत्रं त्याच दिवशी घरी जातं. विषाच्या बाबतीत ही संधी तास-दोन तासांत संपते. कापडासारखी वस्तू जठरात जास्त वेळ राहत असल्यामुळे काही पशुवैद्य नंतरही प्रयत्न करून पाहतात.

दुसरी बाजू तितकीच ठाम आहे. सुई, गळ, काचेचा तुकडा, टोकदार हाड वर येताना अन्ननलिका फाडू शकतं. बॅटरी किंवा क्षार-आम्लानं भरलेली वस्तू दोनदा भाजते. मोठी, टणक वस्तू वर येताना घशात अडकू शकते. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग या आखूड नाकाच्या जातींमध्ये उलटी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका जास्त असतो. गळून गेलेल्या, झटके येणाऱ्या किंवा आधीच उलट्या होत असलेल्या कुत्र्याला उलटी करवू नये, हेही सर्वमान्य आहे. म्हणजे वाद उलटी चांगली की वाईट असा नाही. कोणत्या वस्तूसाठी, कोणत्या कुत्र्याला आणि कोणाच्या हातून, एवढाच तो आहे.

यातला शेवटचा भाग घरासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्याचा सल्ला आजही दिला जातो आणि तो धोक्याचा आहे. किलोमागे सुमारे २ ग्रॅम मीठ पोटात गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू शकतात आणि ४ ग्रॅमच्या आसपास जीव जाऊ शकतो. १० किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत २० ग्रॅम म्हणजे जेमतेम तीन-चार चहाचे चमचे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा सल्ला परदेशी पुस्तकांतून आला आहे आणि तो ३ टक्के द्रावणाबद्दल आहे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळणारी बाटली बहुधा ६ टक्क्यांची असते. शिवाय २०१७ साली निरोगी कुत्र्यांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात ३ टक्के द्रावण दिल्यावरही दुर्बिणीतून जठराच्या अस्तरावर जखमा दिसल्या आणि आठवड्यानंतरही त्या पुरत्या भरलेल्या नव्हत्या. परदेशात काही सल्लासेवा अजूनही, दवाखाना फार लांब असेल तर, फोनवर मोजून-मापून पेरॉक्साइड देण्याचा सल्ला देतात. तिथेही निर्णय तज्ज्ञ घेतो. पालक फक्त त्याप्रमाणे करतात.

तिसरी भूमिका: दुर्बीण आणि शस्त्रक्रिया

दुर्बिणीचा फायदा म्हणजे पोटावर छेद लागत नाही आणि अन्ननलिकेची, जठराची आतली स्थितीही डोळ्यांनी दिसते. अन्ननलिकेत रुतलेल्या हाडासाठी तीच पहिली निवड मानतात. हाड वर येत नसेल तर ते हलक्या हातानं जठरात ढकलतात, कारण जठरातलं आम्ल हाड हळूहळू विरघळवतं. मात्र पूर्ण भूल लागते आणि दुर्बीण जठर आणि आतड्याच्या पहिल्या भागापलीकडे पोचत नाही. त्याहून मोठी अडचण उपलब्धतेची आहे. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत जे साधन हाताशी आहे ते तालुक्याच्या दवाखान्यात असेलच असं धरता येत नाही.

शस्त्रक्रियेबाबतचे आकडे एकाच वेळी धीर देणारे आणि सावध करणारे आहेत. ब्रिटनमधल्या २०८ कुत्र्या-मांजरांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सुट्या वस्तू गिळलेल्या कुत्र्यांपैकी ९४ टक्के वाचली, तर दोऱ्यासारख्या लांब वस्तू गिळलेल्यांपैकी ८० टक्के. लक्षणं जितके जास्त दिवस अंगावर काढली आणि आतड्यावर जितक्या जास्त ठिकाणी काम करावं लागलं तितका मृत्यूचा धोका वाढत गेला. आतड्याचा मेलेला भाग कापून टोकं जोडावी लागली तर टाके गळण्याची भीती असते. २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात अशा ९० कुत्र्यांपैकी १३ जणांचे टाके गळले आणि शस्त्रक्रियेपूर्वीच पोटात संसर्ग झाला असेल, रक्तात अल्ब्युमिन कमी असेल किंवा कारण गिळलेली वस्तू असेल तर हा धोका जास्त आढळला. जठर उघडून वस्तू काढणं हे आतडं कापून जोडण्यापेक्षा खूप सोपं काम आहे. त्यामुळे शस्त्रक्रिया टाळायची म्हणून केलेला उशीर अनेकदा अधिक मोठ्या शस्त्रक्रियेकडे नेतो.

शस्त्रक्रिया कधी करावी याबद्दल मात्र खुद्द शल्यचिकित्सकांत दोन मतं आहेत. एक गट म्हणतो, अडथळा नक्की झाला की तासांचाही उशीर नको. दुसरा म्हणतो, आधी सलाइन देऊन जनावर स्थिर करा, रात्री अपुऱ्या मनुष्यबळात घाईनं पोट उघडण्यापेक्षा सकाळी पूर्ण तयारीनं उघडा. या दोन मतांत वाटतं तितकं अंतर नाही. दोघंही वस्तू आत अडकली हे ठरल्यानंतरच्या तासांबद्दल बोलतात. त्याआधी घरी गेलेल्या दिवसांचं समर्थन दोघांपैकी कोणीही करत नाही.

वस्तू बदलली की उत्तर बदलतं

काही वस्तूंसाठी वाट पाहण्याला जागाच नाही. चपट्या गोल बॅटरीच्या ऋण टोकाशी अन्ननलिकेत तीव्र क्षार तयार होतो आणि १५ ते ३० मिनिटांत इजा सुरू होते. हे सुरुवातीला कुत्र्यांवरच्याच प्रयोगांतून कळलं. एकाहून जास्त चुंबकं गिळली तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांमधून एकमेकांना चिकटतात आणि मधली भिंत चिमटून छिद्र पाडतात. नाणं निरुपद्रवी की घातक हे ते कोणत्या देशाचं यावर ठरतं. अमेरिकेतली १९८२ नंतरची सेंटची नाणी ९७.५ टक्के जस्ताची असतात. ते जस्त जठरात विरघळून कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतं. आपली १ आणि २ रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची असल्यामुळे त्यांच्याबाबत तो धोका तसा नाही, पण जस्ताचा मुलामा असलेल्या नटबोल्टबाबत आहे. परदेशी सल्ला आपल्याकडे लावताना वस्तू तीच आहे का, हे पाहावं लागतं.

याउलट आंब्याची कोय आणि दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस या अन्नाशी जोडलेल्या वस्तू निरुपद्रवी वाटतात. दोन्ही पचत नाहीत, दोन्हींचा आकार आतड्यात बसेल इतका असतो आणि कापड, लाकूड किंवा प्लास्टिकप्रमाणे त्या एक्स-रेवर धातूसारख्या ठसठशीत दिसत नाहीत. अशा वेळी पशुवैद्य वस्तूऐवजी आतड्याची फुगवट पाहतात. आतड्याची रुंदी कमरेच्या पाचव्या मणक्याच्या उंचीच्या १.६ पटीपेक्षा जास्त असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो. सोनोग्राफीनं तो आणखी पक्का करता येतो. एका एक्स-रेवर ‘काही दिसत नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की प्रत्येक वेळी पशुवैद्याला फोन करायचा हा सल्ला भीती पसरवणारा आहे. पण फोन म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. गिळलेली वस्तू मऊ कागदाचा तुकडा असेल तर पशुवैद्य घरीच थांबा म्हणून सांगेल आणि काय पाहायचं, किती तास पाहायचं हेही सांगेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दवाखाना ४० किलोमीटरवर, वेळ रात्रीची, खिशात पैसे कमी. ही अडचण खरी आहे आणि तिला शास्त्राकडे सोपं उत्तर नाही. पण नेमकी अशाच घरात लवकर निर्णयाची किंमत सर्वांत जास्त असते, कारण पहिल्या दोन तासांतली उलटी आणि तिसऱ्या दिवसाची आतड्याची शस्त्रक्रिया यांच्या खर्चात फार मोठं अंतर आहे. ज्याला प्रवास आणि खर्च दोन्ही जड आहेत त्यानं फोन सर्वांत आधी करावा.

तिसरा आक्षेप असा की घरी काही न करणं म्हणजे हातावर हात धरून बसणं. पहिल्या अर्ध्या तासात पालकांच्या हातात बरंच काही असतं, फक्त ते औषध नसतं. आधी श्वास पाहायचा. कुत्रं गुदमरत असेल, हिरड्या निळसर पडत असतील तर अडकलेली वस्तू पोटात नसून श्वासाच्या वाटेत आहे. तोंड उघडून दिसणारी वस्तू बोटानं आत न ढकलता काढायची आणि निघत नसेल तर बरगड्यांखाली पोटावर आत आणि वर झटका द्यायचा. १९७४ साली हेन्री हाइमलिक यांनी माणसांसाठी मांडलेला हा उपाय त्यांनी आधी बीगल कुत्र्यांवरच आजमावला होता. श्वास ठीक असेल तर उरलेल्या वस्तू उचलायच्या, खाणं थांबवायचं, माणसाची कोणतीही गोळी द्यायची नाही. मग चार गोष्टी लिहून घ्यायच्या: काय गिळलं, किती, केव्हा आणि कुत्र्याचं वजन. जोडीतला उरलेला मोजा, तुटलेल्या खेळण्याचा राहिलेला भाग, बॅटरीचं पाकीट बरोबर न्यायचं, कारण एक्स-रे समजून घ्यायला त्याचा उपयोग होतो. वारंवार उलट्या, अन्न न घेणं, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय टेकवून मागचा भाग उंच ठेवणं, शीसाठी कुंथणं आणि गळून जाणं या खुणा दिसल्या तर वेळ कितीही असली तरी निघायचं. थोडी पातळ शी झाली म्हणून अडथळा नाही असं समजू नये. अडथळ्याच्या पुढे असलेलं बाहेर पडतच राहतं.

अजून न सुटलेलं

या विषयातला पुरावा बव्हंशी मोठ्या रुग्णालयांच्या जुन्या नोंदींमधून आला आहे. तिथे पोचतात ती कुत्री आधीच गंभीर असतात. ज्यांनी वस्तू गिळली आणि शांतपणे बाहेर टाकली ती कुत्री कोणत्याही अभ्यासात मोजली जात नाहीत. त्यामुळे आपोआप बाहेर पडण्याचं खरं प्रमाण काढणं कठीण आहे आणि ‘वाट पाहा’ म्हणणाऱ्यांची बाजू पूर्ण सिद्धही होत नाही, पूर्ण खोडलीही जात नाही. लक्षणं नसताना जठरात पडून राहिलेली वस्तू किती दिवसांनी काढावी, याची सर्वमान्य मुदत नाही. मोठ्या, टणक पण बोथट वस्तूसाठी उलटी करवावी की थेट दुर्बीण घालावी, यावर मतं वेगवेगळी आहेत. लहान मुलांनी बॅटरी गिळली तर रुग्णालयात नेताना मध चाटवण्याचा सल्ला २०१८ पासून दिला जातो. त्याचा आधार डुकराच्या पिल्लांवरचे प्रयोग आहेत. तोच सल्ला आता कुत्र्यांनाही लावला जातो, पण आजारी कुत्र्यांवरचा पुरेसा पुरावा त्यामागे अजून नाही.

आपल्याकडच्या परिस्थितीबद्दलचे प्रश्न याहून वेगळे आहेत. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये प्राण्यांसाठी चोवीस तास चालणाऱ्या विषबाधा-सल्लासेवा आहेत. मराठीतून, रात्री-अपरात्री, गावातल्या माणसालाही परवडेल असा तसा सल्ला कसा मिळेल, हे ठरायचं आहे. आंबा, मका, मांजा, गळ, नारळाची शेंडी या इथल्या वस्तूंच्या इथल्याच नोंदी जमल्या तर सल्ला अधिक नेमका होईल. परळ, शिरवळ, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे रोज येणाऱ्या रुग्णांतून हे काम उभं राहू शकतं. एकदा मोजा गिळलेलं कुत्रं पुन्हा का गिळतं, त्यात भूक किती, कंटाळा किती आणि आजार किती, हाही प्रश्न अभ्यासाची वाट पाहतो आहे. कचऱ्याचा झाकणबंद डबा, वस्तूवर पळत जाऊन ती हिसकावण्याऐवजी ‘सोड’ या आज्ञेची सवय आणि दात येण्याच्या काळात चावायला योग्य वस्तू, हे प्रतिबंधाचे उपाय सर्वांनाच मान्य आहेत. त्यांचा परिणाम मोजण्याचं काम मात्र फार थोडं झालं आहे.

आज काय म्हणता येतं

चारही वाटा आपापल्या जागी बरोबर आहेत आणि त्यांच्यातला वाद प्रामुख्यानं त्या कोणत्या क्रमानं आणि कोणाच्या निर्णयानं वापरायच्या याबद्दल आहे. वस्तू अन्ननलिकेतून जठरात आणि जठरातून आतड्यात जाते तशा या वाटा एकेक करून बंद होत जातात. सुरुवातीला उलटी, दुर्बीण, जठराची शस्त्रक्रिया आणि थांबणं असे सगळे पर्याय खुले असतात. आतडं मरू लागलं की एकच उरतो आणि तो सर्वांत कठीण असतो. म्हणून पालकांनी काय गिळलं आणि केव्हा गिळलं हे ताबडतोब कळवावं, आणि थांबायचं असेल तर किती वेळ, काय पाहत आणि कोणती खूण दिसली की निघायचं, हे पशुवैद्याकडून ठरवून घ्यावं. पशुवैद्यांनीही ‘बघू या’ एवढंच म्हणून पालकांना परत न पाठवता ती मुदत कागदावर लिहून द्यावी. आज हाती असलेल्या पुराव्याचा पूर्ण आधार असलेला आणि नवं यंत्र न लागणारा बदल एवढाच आहे. तो गावातल्या दवाखान्यातही उद्यापासून करता येईल.